सशाच्या पायाखाली काय?

बालमित्रांनो, आधी एक छोटासा प्रयोग करा. घराजवळ कुठे बांधकाम चालू असेल, तर वाळू चाळायची मोठी चाळण तुम्ही पाहिली असेल. तिरकी उभी केलेली, जाड तारेच्या जाळीची. तिच्यावर तळहात टेकवा, अंगाचा थोडा भार द्या आणि शंभर अंक मोजा. (मोठ्या माणसाला विचारून हं! आणि घाई न करता मोजा.) मग हात उचलून पाहा. तळहातावर लाल चौकटी उमटल्या ना? थोडं चुरचुरतंयही ना? आता अशी कल्पना करा, की त्याच जाळीवर तुम्हांला अनवाणी राहायचं आहे. शंभर अंक मोजेपर्यंत नाही, तर दिवसभर आणि रात्रभर. तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं. रविवारची सुट्टीसुद्धा नाही!

पाळीव सशांचे कितीतरी पिंजरे असेच असतात. चारी बाजूंना जाळी, वर जाळी आणि खालीही जाळी. बाजूंच्या जाळीबद्दल माझी काही तक्रार नाही. वारा खेळता राहतो, मांजर आत येत नाही. तक्रार आहे ती खालच्या जाळीबद्दल.

मी एका लहानशा गावात प्राथमिक शाळेत शिकवते. गाव कोकणातलं, म्हणजे पावसाळ्यात चार महिने सगळं ओलं. आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिच्या मामाने आठवड्याच्या बाजारातून तिला एक पांढराशुभ्र ससा आणून दिला, पिंजऱ्यासकट. त्याचं नाव तिने ठेवलं कापश्या. मग काय विचारता! वर्गात रोज कापश्याच्या गोष्टी. कापश्याने कोथिंबीर खाल्ली, कापश्याने मामाची वहाण कुरतडली, कापश्या शिंकला. गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली आणि दोन-तीन दिवसांतच ती मला म्हणाली, “बाई, कापश्या नीट बसतच नाही. सारखा पाय बदलतो.”

मुलं प्राण्यांकडे किती बारकाईने पाहतात ते मला ठाऊक आहे. म्हणून शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर घरी गेले. कापश्या पडवीत पिंजऱ्यात होता. एरवी ससा कसा बसतो? मागचे लांब पाय पोटाखाली दुमडून, अगदी निवांत. हा मात्र पुढच्या पायांवर भार देऊन बसला होता. मागचा एक पाय उचलायचा, तो टेकून दुसरा उचलायचा. आपण तापलेल्या वाळूवर उभे राहिलो तर करू ना, अगदी तसं! मुलीच्या आजीने त्याला अलगद मांडीवर घेतलं आणि पाय वळवून पाहिले. दोन्ही मागच्या पायांच्या तळव्यांवरचे, टाचेकडचे केस पार गेले होते. तिथे रुपयाएवढा लालभडक डाग होता. उजव्या पायाचं कातडं तर फुटलं होतं.

“अगं बाई!” आजी म्हणाल्या. “आणि आपण म्हणत होतो, हा लाडात आलाय म्हणून नाचतोय.”

हे असं का झालं, ते समजायला सशाचा पाय नीट पाहायला हवा. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या पंजाला खालून बोट लावून पाहा. तिथे मऊ, जाड गादी असते. निसर्गाने त्यांना पायातच चपला दिल्यात म्हणा ना! सशाला अशी गादी नसते. त्याच्या तळव्याला फक्त दाट केस असतात आणि त्यांच्याखाली पातळ कातडी. ससा बसतो तेव्हा मागचा पाय बोटांपासून टाचेपर्यंत सगळा जमिनीला टेकतो, आणि शरीराचा बराचसा भार त्याच्यावर येतो. न्यूझीलंड व्हाइट जातीचा मोठा पांढरा ससा चार-पाच किलोंचा असतो. एवढं वजन सुईसारख्या बारीक तारांवर! आधी केस झिजतात, मग कातडी लाल होते, मग ती फुटते. जखमेत घाण गेली की पू होतो आणि दुखणं वाढत जाऊन थेट हाडापर्यंत पोहोचू शकतं. रेक्स नावाची एक मखमली सशांची जात आहे. त्यांचे केस मुळातच आखूड, त्यामुळे त्यांना हा त्रास आणखी लवकर होतो.

आणि ससा ओरडत नाही, बरं का. कुत्रा केकाटतो, मांजर गुरगुरतं. ससा दुखलं तरी गप्प बसतो, खाणं कमी करतो, कोपऱ्यात जातो. जंगलात जो प्राणी आपण दुबळे आहोत हे दाखवतो त्याला शिकारी आधी पकडतो. म्हणून गप्प राहायची सवय त्याच्या रक्तातच आहे.

आता थोडं सशाच्या मूळ गावाबद्दल. तुम्ही म्हणाल, ससा आमच्या शेतातही असतो की! असतो, पण तो वेगळा. आपल्या रानात दिसतो तो काळ्या मानेचा ससा. तो बीळ खणत नाही. गवतात दडून राहतो आणि त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. त्याला पकडायला आणि पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. पाळीव ससे मात्र सगळेच्या सगळे युरोपातल्या रानसशाचे वंशज. पांढरे असोत, काळे असोत, लांब कानांचे असोत, मूळ गाव एकच : स्पेन आणि पोर्तुगाल हा भाग. हे ससे जमिनीत बिळं खणून राहतात. त्यांची पिल्लं उघडीवाघडी, मिटल्या डोळ्यांची जन्मतात आणि आई स्वतःच्या अंगाचे केस उपटून त्यांना अंथरूण करते. म्हणजे सशाचा पाय घडला तो मातीसाठी आणि गवतासाठी. माती पायाखाली दबते, नखं तिच्यात रुततात. तार दबतही नाही आणि तिच्यात नख रुततही नाही.

मग ही तारेची जाळी आली कुठून? ती आली मोठमोठ्या ससेपालन केंद्रांतून. शेकडो ससे एका ठिकाणी असले, की रोज प्रत्येकाचा पिंजरा झाडणं कठीण. खाली जाळी असली की लेंड्या आणि मूत खाली पडतात, पिंजरा कोरडा राहतो. अंगोरा सशांची लोकर मळत नाही, हाही एक फायदा. आपल्या देशात हिमाचल प्रदेशात कुलूजवळ गडसा इथे अंगोरा सशांवर काम करणारं सरकारी केंद्र आहे. थंड हवेतले हे ससे लोकरीसाठीच पाळतात. अशा ठिकाणी जाळीचा विचार का झाला, हे समजू शकतं. पण आपल्या घरी असतात एक किंवा दोन ससे. त्यांच्यासाठी शेकडो सशांची सोय कशाला आणायची? जाळी ही झाडणाऱ्याची सोय आहे, बसणाऱ्याची नव्हे.

कापश्याला तालुक्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जखम धुतली, मलम दिलं, आणि म्हणाले, “औषध मी देतो. पण पिंजऱ्याचं बूड तसंच राहिलं, तर पंधरा दिवसांनी तुम्ही परत इथेच याल.”

बूड बदलायचं हे ठरलं. पण कशाने बदलायचं? त्या रात्री त्यांच्या घरात जणू सभाच भरली. (मी त्या सभेला होते, चहासुद्धा झाला.) आजी म्हणाल्या, “पिंजरा हवाच कशाला? पडवीत कोपरा सारवून देते, तिथे राहू दे.” कल्पना वाईट नव्हती. सारवलेली जमीन मऊ असते, पाय घसरत नाही. पण ससा म्हणजे जातिवंत खणणारा! चार दिवसांत त्याने पडवीचं शेत केलं असतं. शिवाय मूत मुरलं की शेण-माती ओली राहते. आणि आमच्याकडे मांजर, मुंगूस, साप, सगळे शेजारी राहतात. रात्री मोकळा ससा म्हणजे त्यांना आमंत्रणच.

वडील म्हणाले, “उरलेल्या लाद्या आहेत, त्या बसवू. पुसल्या की स्वच्छ.” पुसायला सोप्या, हे खरं. पण गुळगुळीत लादीवर सशाच्या केसाळ पायांना पकड मिळत नाही. मोजे घालून तुम्ही ओल्या फरशीवर धावून पाहा. (नको, पाहू नका!) लहान पिल्लं अशा घसरत्या जागी वाढली, तर त्यांचे पाय दोन्हीकडे फाकून तसेच राहू शकतात. आणि कडक लादीवरही टाचेला भार सोसावा लागतोच.

मुलगी म्हणाली, “गोणपाट घालूया.” मऊ, स्वस्त, घरात होतं. पण ससा गोणपाट चावतो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, त्यामुळे तो सतत काही ना काही कुरतडत राहणारच. सुतळीचे लांब धागे पोटात गेले तर आतडं अडतं. आणि एक गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे का? सशाला उलटी करताच येत नाही! एकदा गिळलं की ते पुढेच जायला हवं. म्हणून गोणपाट घालायचंच, तर त्याच्या कडा फळीखाली घट्ट दुमडून घालायच्या, आणि धागा सुटलेला दिसला की ते काढून टाकायचं.

शहरातल्या मुलांसाठी इथेच एक सूचना. मांजरांसाठी दुकानात एक प्रकारची वाळू मिळते, ओली झाली की तिचे गोळे होतात. ती सशाला अजिबात नको. त्याने खाल्ली तर पोटात तसाच गोळा होईल.

सुताराकडचा भुसाही सुचवला गेला. बारीक भुसा नाकात जातो, सशाला शिंका येतात, डोळे पाणावतात. रंध्याचा जाडसर कीस त्यापेक्षा बरा. पण चीड, देवदार अशा वासाच्या लाकडांचा तर मुळीच नको. तो जो छान वास आपल्याला आवडतो ना, त्यातली तेलं सशाच्या श्वासाला आणि यकृताला त्रास देतात. रंग दिलेल्या किंवा कीड लागू नये म्हणून औषध मारलेल्या लाकडाचा कीसही टाळा. आणि वर्तमानपत्राची रद्दी? नुसती रद्दी घसरते आणि लगेच भिजते. दुसऱ्या कशाच्या तरी खाली, ओल शोषायला म्हणून ती उत्तम.

शेवटी जे ठरलं ते असं. घरात फणसाच्या लाकडाच्या दोन जुन्या फळ्या होत्या. वडिलांनी त्या पिंजऱ्याच्या मापाने कापल्या आणि कुसळ राहू नये म्हणून घासून काढल्या. एक फळी पिंजऱ्यात, दुसरी बाहेर उन्हात. लाकूड मूत पिऊन घेतं, त्यामुळे एकच फळी असती तर ती कुजली असती आणि वासही आला असता. दोन असल्या की आलटून पालटून घालता येतात. फळीवर भाताचा पेंढा, चांगला चार बोटं जाड. थोडाथोडका घातला तर ससा तो बाजूला सारतो आणि टाच पुन्हा लाकडावर येते. पेंढ्यावर त्याच्या खाण्याचं सुकं गवत. खाल्लं तरी चालेल असं अंथरूण, याहून चांगलं अंथरूण कुठलं?

“पण वासाचं काय?” वडिलांनी विचारलं. “आणि रोज कोण काढणार हे सगळं? मी नाही हं!”

प्रश्न अगदी रास्त होता. आई-बाबा हो, ससा घरी आला की हा प्रश्न तुमच्याच वाट्याला येतो, हे मी जाणून आहे. याचं उत्तर सशानेच आधी दिलेलं असतं, आपण पाहत नाही इतकंच. ससा घाणेरडा प्राणी नाही. बहुतेक ससे मूत्राला एकच कोपरा ठरवून ठेवतात. कापश्याचाही कोपरा ठरलेला होता, मागचा डावा. त्या कोपऱ्यात एक जुनी परात ठेवली. तळाला रद्दी, वर पेंढा, आणि त्याच्याच चार लेंड्या, म्हणजे जागा ओळखायला खूण. तीन दिवसांत गडी परातीत जायला लागला! कधीमधी बाहेर चार लेंड्या पडतात, पण त्या कोरड्या असतात, झाडल्या की झालं. रोज बदलायची ती फक्त परात. ते काम कोणी करायचं याचा निर्णय आजींनी एका वाक्यात दिला : “ससा जिचा, परात तिची.” त्यावर आमची चौथीची बाई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायच्या आधी ती परात धुते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

परात रोजच का धुवायची? मूत साचून राहिलं की त्यातून डोळ्यांना झोंबणारा वायू सुटतो. आपलं नाक असतं चार-पाच फुटांवर, सशाचं मात्र जमिनीपासून वीतभर. आपल्याला थोडासा वास आला म्हणजे त्याला किती आला असेल! पावसाळ्यात आणखी एक भीती असते. मळलेल्या, ओल्या केसांवर माश्या अंडी घालतात, आणि त्यांतल्या अळ्या एक-दोन दिवसांत सशाचा जीव घेऊ शकतात. म्हणून जून ते सप्टेंबर त्याचं मागचं अंग आणि पाय रोज पाहायचे. पेंढ्यावर बुरशीचे पांढरे-काळे ठिपके दिसले, तर तो सगळाच्या सगळा काढून टाकायचा. आजी पेंढ्याची एक पेंढी चुलीच्या वर माळ्यावर ठेवतात. तिथे तो भर पावसातही कुरकुरीत राहतो.

(मूत कधी नारिंगी, कधी तांबूस दिसलं तर लगेच रडू नका. खाण्यामुळे सशाच्या मूत्राचा रंग असा बदलतो. तो खात नसेल किंवा मूत्राच्या वेळी कुंथत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवं.)

दिवाळीपर्यंत कापश्याच्या जखमा भरल्या. मग जानेवारीत आमच्या वर्गातल्या मुलांनी एक उद्योग केला. त्यांच्या पडवीत चारी बाजूंनी फळ्या लावून एक चौक केला आणि त्याचे चार भाग केले. एकात पेंढा, एकात उघडी फळी, एकात लादी, एकात काथ्याचं पायपुसणं. कापश्याला मध्ये सोडलं. चार मुलं पाळीपाळीने बसायची आणि दर दहा मिनिटांनी तो कुठे आहे त्या नावापुढे वहीत रेघ मारायची. तीन संध्याकाळी हे चाललं. पेंढ्यापुढे रेघांची रांगच रांग लागली. पायपुसण्यावर तो जायचा, खणायचा आणि निघून यायचा. लादीकडे तर फिरकलाही नाही. “बाई, उत्तर मिळालं!” मुलं म्हणाली.

मी म्हटलं, “एप्रिलमध्ये पुन्हा करा.”

एप्रिलच्या दुपारी काय झालं असेल, सांगा पाहू? कापश्या लादीवर लांबलचक पसरलेला! हलायला तयार नाही. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. तो उष्णता बाहेर टाकतो ती मुख्यतः कानांवाटे, आणि तापमान तिशीच्या वर गेलं की त्याला उष्माघाताची भीती असते. गार लादी त्या वेळी त्याला गादीहून प्यारी. ऊन उतरल्यावर स्वारी उठली आणि पेंढ्यात जाऊन बसली. मुलांनी वहीत त्या दिवशीच्या रेघांपुढे ‘दुपार’ आणि ‘संध्याकाळ’ असे दोन रकाने आखले. ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून कापश्याच्या पिंजऱ्यात उन्हाळ्यात एका बाजूला एक खडबडीत लादी असते. जिथे बसायचं तिथे तो बसतो.

काही जणांकडे जाळीचाच पिंजरा असेल आणि दुसरा लगेच घेणं जमणार नसेल. हरकत नाही, तो फेकू नका. जाळीवर फळी किंवा जाड पुठ्ठा टाका. पुठ्ठा ससा कुरतडेल, भिजवेल, पण दर दोन दिवसांनी बदलला तर चालतो. त्यावरचे चिकटपट्टीचे तुकडे आणि पिना मात्र आधी काढा. तळाचा सगळा भाग झाकणं जमत नसेल, तर निदान तो बसतो आणि झोपतो तेवढा तरी झाका. पिल्लं असतील तर जाळी पूर्ण झाकायलाच हवी. त्यांचे बारीक पाय भोकांत अडकतात आणि सुटायच्या धडपडीत मोडतात. आणि पिंजरा केवढा? १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात म्हटलं आहे, की प्राण्याला हालचाल करता येईल एवढी उंची, लांबी, रुंदी पिंजऱ्याला हवी. ससा मागच्या पायांवर उभा राहिला तर कान वर टेकू नयेत, आणि सलग तीन-चार उड्या मारता याव्यात, असं मी मुलांना सांगते. बाजारातल्या बहुतेक पिंजऱ्यांत एक उडीही मावत नाही. म्हणून कापश्या रोज संध्याकाळी दोन तास पडवीत मोकळा असतो, दारं लावून.

एक काम मात्र दर रविवारी करायचं. सशाचे पाय पाहायचे. कान धरून उचलायचं नाही, कधीच नाही! मोठ्या माणसाने जमिनीवर मांडी घालून बसावं. एक हात छातीखाली, एक हात कुल्ल्याखाली घालून त्याला अलगद मांडीवर घ्यावं. त्याचे मागचे पाय फार जोरदार असतात. हवेत धरलं आणि त्याने झटका दिला, तर त्याचंच पाठीचं हाड मोडू शकतं. मग एकेक तळवा पाहा. केस दाट आहेत का? कुठे विरळ झालेत का? कातडी गुलाबी आहे की लाल? नखंही पाहा. नखं फार वाढली, तर बोटं उचलली जातात आणि सगळा भार टाचेवर येतो. मग कितीही पेंढा घाला, टाच दुखायचीच. नखं कापायला पहिल्या वेळी डॉक्टरांकडूनच शिकून घ्या, कारण नखाच्या आत रक्तवाहिनी असते.

कापश्याच्या डाव्या पायावर आता केस आले आहेत. उजव्या टाचेवर मात्र चिंचोक्याएवढी जागा अजून उघडीच आहे. डॉक्टर म्हणाले, तिथे कदाचित केस येणारही नाहीत. म्हणून त्या बाजूला पेंढा थोडा जास्त घालतात. परवा शाळेत आल्या आल्या आमची चौथीची बाई, आता ती पाचवीत गेलीय, मला विचारत होती, “बाई, यंदा भात कापल्यावर तुमच्याकडचा पेंढा कुणाला देणार?” मी अजून कबूल केलेलं नाही. आमच्या गाईलाही विचारायला हवं ना!